रंजनाने सरकारला दिलेले सत्तर हजार

"काका, दो जामीन लाना पडेगा," पोस्टाच्या खिडकीतला गुजराती कारकून म्हणाला आणि माझे कागद परत सरकवले.

"कशाला जामीन?"

"नॉमिनीवाळी जगा खाली छे. नाम ही नहीं लिखा. कल कोई दूसरा वारस आ गया तो?"

"सहा महिन्यांपूर्वी आलो, तेव्हा तुम्हीच म्हणालात सहा महिन्यांनी या. जामिनाचं तेव्हा का नाही सांगितलं?"

"चिल्लाओ मत, काका."

मी ओरडत नव्हतो. उधन्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर माणसाचा आवाज असाच होतो.

रंजना, माझी बायको, आमच्या गोडादऱ्याच्या खोलीत बसून साड्यांना स्टोन चिकटवायची. एका साडीचे आठ रुपये. बोटांची कातडी गोंदाने सोललेली असायची. दहा हजार जमले की ती पोस्टात जाऊन किसान विकास पत्र घ्यायची. अशी सात घेतली. प्रत्येक वेळी कारकून विचारायचा, नॉमिनी कोण? आणि ती सांगायची, "गायत्रीना बाप." म्हणजे आमच्या मुलीचा बाप, मी. आमच्या गावाकडे, खान्देशात, तिच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. शेजारची ज्योती सोबत असायची, तिने मला हे नंतर सांगितलं. मागे रांग, कारकून वैतागलेला. "बाद में भर देंगे" म्हणून त्याने ती जागा कोरी सोडली. सातही वेळा.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. खाजगी दवाखान्यात ऐंशी हजार सांगितले. मी म्हणालो, पत्रं मोडू. तिने मोडू दिली नाहीत. म्हणाली, "सरकारजोडे शेतस ना पैसा, ऱ्हाऊ द्या. सरकार कोठे पयी जाई? गायत्रीना लगीनले कामे येतीन." सरकारी दवाखान्यात तारीख मिळेपर्यंत थांबलो. तारीख मिळाली, तेव्हा ती नव्हती.

तिचं ऐकलं, याचा राग मला माझाच येतो. तो कोणत्या खिडकीत जाऊन सांगू?

कारखान्याबाहेर चहाला उभे असलो की लूमवरचा माझा सोबती पंडित रोज तेच बोलायचा. "आपला देश कर्जात बुडालाय, वाल्मिक. अमेरिकेकडून घेतलंय सगळं. एक दिवस ते देश लिहून घेतील." मलाही ते खरं वाटायचं. एकदा घरी बोललो, तर गायत्री हसली. ती कपडा मार्केटात एका पेढीचे हिशेब बघते.

"पप्पा, बाहेरचे थोडेच असतात. सरकार जास्त कर्ज इथूनच घेतं. बँका देतात, विमा कंपन्या देतात, कामगारांच्या पीएफमधून जातं. आणि त्यांच्याकडे पैसा कुणाचा? आपलाच ना. मम्मीचे पोस्टातले पण सरकारनंच वापरायला घेतलेत. सरकार मम्मीचं देणेकरी आहे."

ते मला खिडकीसमोर आठवलं. मग मी खरंच ओरडलो.

"साहेब, माझ्या बायकोनं सरकारला सत्तर हजार दिले. आठ-आठ रुपयांनी जमवून. तेव्हा सरकारचा जामीन कोण होता? तिनं मागितले का दोन जामीन? आता तिचेच परत द्यायचे, तर जामीन मी आणायचा?"

"नियम छे, काका. मैंने नहीं बनाया."

"तिनं पण नाही बनवला."

"ऐसा आदमी लाओ जिसकी कुछ हैसियत हो. पगार की स्लिप, घर का कागज, कुछ तो."

लूमवर स्लिप कोणाला मिळते? पंडितकडे नाही, माझ्याकडे नाही. भाड्याच्या खोलीचा कागद कुठून आणू? मी कागद गोळा करायला लागलो.

मागे ज्योती रांगेत उभी होती, बचतीचा महिन्याचा हप्ता भरायला. तिच्यामागे आमच्या गल्लीतली सुंदराबाई.

"थांबा, भाऊजी," ज्योती पुढे आली. "मी राहते जामीन."

"बेन, तमारी हैसियत?" कारकून म्हणाला.

ज्योतीने तिचं पासबुक खिडकीत ठेवलं. "ही. अठ्ठेचाळीस हजार. तुमच्याकडेच आहेत, बघून घ्या."

"मना बी लिखी ले रे भाऊ," म्हणत सुंदराबाईने कंबरेच्या पिशवीतून तिचं पासबुक काढलं. "एकतीस हजार शेतस. माले हैसियत इचारस? आठे घेवाना टाइमले तर कोन्ही नही इचारी."

रांगेत कोणीतरी हसलं. कारकून हसला नाही. त्याने दोन्ही पासबुकं उघडली, पानं उलटली, आकडे पाहिले. मग आत मोठ्या साहेबाच्या टेबलाकडे गेला. साहेबाने चष्म्यातून दोघींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली.

कारकुनाने फॉर्म दिला. ज्योतीने सही केली. सुंदराबाईला शाईचा पॅड दिला, तेव्हा ती म्हणाली, "अंगठा नको. लिखता येस माले." एकेक अक्षर काढत तिने नाव लिहिलं. त्याला दोन-तीन मिनिटं लागली.

"पंदरा-बीस दिन लगेंगे," कारकून म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. त्याने बाजूच्या दारातून स्टूल बाहेर सरकवलं. "बैठो काका, आराम से सही करो. सात जगह करनी है."

मी बसलो नाही. रंजना या खिडकीसमोर सात वेळा उभी राहिली होती. मी उभ्यानेच सह्या केल्या.