आयुष्यभर 'नाही' म्हणणारा पंखा

मित्रांनो, मी एक जुना उभा पंखा आहे. आयुष्यभर मी एकच मत मांडलं, ते म्हणजे 'नाही'. डावीकडे नाही, उजवीकडे नाही आणि मध्ये थोडी हवा. खरं तर माझं कुणाशी काही वाकडं नव्हतं. माझ्या मानेत एक दातेरी चक्र होतं, ते फिरलं की मान हलायची. पण माणसांना चक्र दिसत नाही, मत तेवढं दिसतं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एकाने मला पाती दिली, दुसऱ्याने जाळी. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी माझी कळ दाबून पाहिली आणि त्या म्हणाल्या, "बाळा, सगळ्यांना सारखी हवा दे हो." मला आशीर्वाद मिळाला तो एवढाच, पण तो मी पाळला.

दुकानाच्या काचेत काही महिने मान हलवल्यावर मला गाद्या-उशांच्या एका कारखान्याने विकत घेतलं आणि मीटिंगच्या खोलीत उभं केलं. मित्रांनो, ती खोली म्हणजे एक स्वप्नच होतं. भिंतीलगत नमुन्याच्या गाद्या पसरलेल्या, खुर्च्यांवरही जाडजूड बैठका. दुपारी पिवळ्या पडद्यातून मधासारखा उजेड आत यायचा आणि कापसाचे तंतू त्यात तरंगत राहायचे. मी हलकेच फुंकर घातली की ते खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचे, कसलीही घाई न करता.

अशा खोलीत जे व्हायचं तेच व्हायचं. मीटिंगमध्ये लोक झोपायचे. पण आमच्याकडे तो गुन्हा नव्हता, त्याला मालाची तपासणी म्हणत. बोलणारा बाहेर पडून अभिमानाने सांगे, "सगळे झोपले! हिशेबवाले काका तर घोरले!" आणि त्याची पाठ थोपटली जाई. त्यामुळे बोलायला कुणी शिकलंच नाही. पडद्यावर अक्षरं उमटायची आणि बोलणारा श्रोत्यांकडे पाठ करून तीच अक्षरं वाचायचा. कोठारातले एक गृहस्थ तर अख्खी दुपार भिंतीशी बोलले. भिंतीला ते फार लागलं असावं, कारण पुढे तिला ओल आली.

फक्त एक नियम कडक होता. निर्णय जागे असणाऱ्यांच्या बहुमताने व्हायचा. आणि शेवटी जागे असायचे ते एकटे विक्रीसाहेब. ते घरून काळ्या कॉफीचा थर्मास आणायचे. एकट्याच्या बहुमताने त्यांनी चादरींचा विभाग बंद केला, मग पाळण्यातल्या गाद्यांचा. मनात वाईट काही नव्हतं. काही लोकांना उघडा ड्रॉवर बघवत नाही, तसा त्यांना चालू विभाग बघवत नसे.

मग पाळी आली उशीची. गादीबरोबर बाहेरून आणलेली उशी फुकट द्यायची आणि उशी विभागाला कुलूप लावायचं, असा त्यांचा बेत होता. विभागातर्फे बोलायला एकच मीटिंग मिळणार होती आणि तिच्यात बोलायचं होतं पुटपुटला.

पुटपुट म्हणजे उशी विभागाची नवी प्रमुख. शिवणीत एक टाका चुकला तरी तिच्या बोटांना कळायचं. पण चार माणसांसमोर उभी राहिली की तिचा आवाज चपलांपर्यंत जायचा आणि तिथेच बसायचा. म्हणून हे नाव पडलं. विभाग गेला तर तिच्याबरोबर सगळ्याच जणी घरी बसणार होत्या. उशांत कापूस भरणाऱ्या मावशी तर तिथेच म्हाताऱ्या झाल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत मावशी तिला ओढतच माझ्या खोलीत घेऊन आल्या आणि त्यांनी खुर्च्यांवर उशा मांडल्या.

"ही कडक उशी म्हणजे मालकीणबाई. ही चपटी, हिशेबवाले काका. आणि ही ठासून भरलेली..."

"विक्रीसाहेब," पुटपुट म्हणाली. तेवढं एकच ऐकू आलं.

मग ती सुरू झाली. "आदरणीय मान्यवर, उशी विभागाच्या कार्याचा संक्षिप्त आढावा..."

मी मान हलवली. तिने पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा मान हलवली.

"मावशी, हा नाही म्हणतोय."

"बरोबरच म्हणतोय. मला झोप आली गं, आणि मी उभी आहे. आवाज कुठे ठेवलास? डब्यासारखा घरी विसरलीस का?"

पुटपुटच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग, मित्रांनो, ती माझ्यावर भडकली. "नाही काय, नाही? तुला काय कळतं रे उशीतलं? माणूस दिवसभर सगळ्या जगाचं ओझं डोक्यात घेऊन हिंडतो. ते डोकं खाली ठेवायला त्याला एक जागा नको?"

मावशींच्या हातातला घास हातातच राहिला. "हेच! हेच बोल! तो आढावा घाल चुलीत."

तेव्हापासून आम्ही रोज सराव केला. मावशींनी नियमच घालून दिला. "पंख्याबरोबर फिर. तो ज्याच्यासमोर जाईल त्याला एक वाक्य सांग, पुरतं सांग, मगच पुढच्याकडे जा." मी कडक उशीकडे वळलो की पुटपुट कडक उशीशी बोलायची, चपटीकडे वळलो की चपटीशी. टोकाला पोहोचल्यावर परत फिरण्याआधी मी क्षणभर थांबायचो. तिथे तीही थांबू लागली. थांबल्याने आभाळ कोसळत नाही हे तिला पहिल्यांदाच कळलं. हळूहळू तिचा आवाज चपलांवरून उठला, गुडघ्यापर्यंत आला आणि एके दिवशी समोरच्या उशीपर्यंत पोहोचला.

मला तिला 'छान' म्हणायचं होतं. पण माझ्या मानेत ती सोयच नव्हती. शिवाय कित्येक वर्षांत कुणी तेलाचा थेंब दिला नव्हता. चक्र कुरकुरत होतं आणि मानेचा स्क्रू सैल झाला होता.

मीटिंगच्या दिवशी उजेड नेहमीसारखाच मधाळ होता. मालकीणबाई बसल्या. काकांच्या पापण्या बसता बसताच जड झाल्या. साहेबांनी थर्मासचं झाकण फिरवलं. पुटपुट कागद घेऊन उभी राहिली. घाबरून तिने आढावाच आणला होता. मी तिच्याकडे वळलो मात्र, कागद तिच्या हातातून उडाले, एकेक करून गाद्यांवर आडवे झाले आणि बहुधा झोपले. त्याच क्षणी माझ्या मानेत 'कट' झालं. चक्र तुटलं. मी जिथे होतो तिथेच थिजलो.

आता तिच्याबरोबर फिरायला कुणी नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःची मान वळवली.

"बाई, माणूस गादीवर आडवा होतो तेव्हा सगळ्यात जड काय असतं? डोकं. ते आपण दुसऱ्याच्या हवाली करतोय." ती थांबली. मग चपट्या उशीच्या खुर्चीकडे वळली. "काका, जागे राहा हं. मला तुमचं मत हवंय."

काकांचे डोळे खाडकन उघडले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचं मत कुणाला हवं नव्हतं.

मग ती साहेबांकडे वळली, आणि बोलायच्या ऐवजी बघतच राहिली. आजवर त्यांच्याकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. सगळे पडद्याकडे बघायचे.

"साहेब, तुमची मान आखडलीय का?"

"मुद्द्यावर या," साहेब मान चोळत म्हणाले.

"कुठली उशी घेता?"

साहेब ओल आलेल्या भिंतीला म्हणाले, "ती फुकट द्यायची ना... तिचा नमुना घरी नेला होता."

कुणी हसलं नाही. पुटपुटही नाही. तिने दाराशी उभ्या मावशींच्या हातातली उशी घेतली आणि नमुन्याच्या गादीवर ठेवली. "पाच मिनिटं टेका."

साहेब "हा पोरखेळ आहे" म्हणायला लागले, पण त्यांचं डोकं टेकलं ते 'पोर'वरच. उरलेला 'खेळ' घोरण्यात गेला.

मालकीणबाई पुढे वाकून कुजबुजल्या, "आता जागे आम्ही दोघंच. हात वर करू का? विभाग वाचला तुझा."

मावशी दाराआडून जोरजोरात मान डोलवत होत्या. पण पुटपुट म्हणाली, "नको बाई. माणसाच्या उशाशी बसून ठरवलेलं नको. आपले दोन विभाग तसेच गेले. साहेबांनी ऐकून ठरवावं."

आवाज तोच होता, जुनाच, पुटपुटणारा. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये इतका. पण आता तो जमिनीशी बोलत नव्हता. बाई आणि काका तो ऐकायला टेबलावर ओणवे झाले होते.

साहेब उठले तेव्हा कॉफी गार झाली होती. मग त्यांनी डावीकडे मान हलवली. मग उजवीकडे. मावशींचा चेहरा पडला. "नाही म्हणतोय मेला."

"नाही नाही," साहेब हरखून म्हणाले, "फिरतेय! मान फिरतेय माझी! हं, बोला तुम्ही. पहिल्यापासून सांगा."

तिने पहिल्यापासून सांगितलं. शेवटचं वाक्य संपलं, ती थांबली, आणि त्या शांततेत माझ्या मानेचा स्क्रू निसटला. माझं डोकं संथपणे पुढे झुकलं आणि छातीला टेकलं.

"पंखा हो म्हणाला," काका म्हणाले. "त्याचं मत धरायचं का?"

"धरा," मालकीणबाई म्हणाल्या. "जागाच आहे तो."

साहेबांनी हात वर केला. दुसऱ्या हातात उशी होती, ती त्यांनी संध्याकाळी घरी नेली.

आता त्या खोलीत छताला नवा पंखा आहे. तिथे हल्ली श्रोते जागे असतात, त्यामुळे गाद्यांचा दर्जा घसरला की काय, अशी काकांना काळजी लागली आहे. मी उशी विभागाच्या कोपऱ्यात असतो. मावशींनी माझ्या हनुवटीखाली एक लहानशी उशी बांधली आहे.

मित्रांनो, घरातल्या जुन्या पंख्याच्या मानेत अधूनमधून तेलाचा एक थेंब सोडत जा. आणि तुमच्यासमोर कुणी थरथरत बोलायला उभं राहिलं, तर तुमची मान त्याच्याकडे वळवा. माझी आता वळत नाही.

प्रत्येक मीटिंगआधी पुटपुट माझ्यापुढे येते, पहिलं वाक्य म्हणते आणि विचारते, "कसं वाटलं रे?" मी खाली मान घालून असतो. एकदा म्हटलेलं 'हो' मी अजून मागे घेतलेलं नाही.