दुसरी रांग

"एकवीस," काट्याकडे बघत मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोष चष्म्याचा नव्हता. पहिल्या रांगेतला केळीचा घड एकवीस किलो, दुसऱ्या रांगेतलाही एकवीसच.

केळझरच्या शिवारात त्यांच्या या दोन रांगांची चर्चा होती. पहिल्या रांगेत केळफूल कापलं की घडाच्या दांड्याच्या टोकाला शेण, युरिया आणि पोटॅशची पिशवी बांधायची. दांडा ते ओढून घेतो, केळी भरतात. दुसरीला काहीच द्यायचं नाही, म्हणजे फरक दिसतो. "डोयानं पाहा, मंग बोला," हे मनोहररावांनी पारावर इतक्यांदा ऐकवलं होतं, की उद्या शेजारच्या गावचे सदाशिवराव आठ शेतकरी घेऊन येणार होते. आता फरक आणायचा कुठून?

माणूस अडचणीत सापडला की आधी दुसऱ्याची झडती घेतो. मनोहररावही माणूसच.

"धुरपता, पिशव्यांत खत पुरं भरलंतं ना? का घरच्या वांग्याले गेलं?"

अकरा वर्षं त्यांच्या बागेत राबणाऱ्या धुरपतानं विळा खाली ठेवला.

"घरी नाई नेलं, भाऊ. अर्धं पिशवीत घातलं. अर्धं या दुसऱ्या रांगेच्या बुडाशी."

"काऊन?"

"शेजारी शेजारी उभे. एकाले वाढाचं अन् दुसऱ्यापुढून बादली घेऊन निंघून जाचं. पयल्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी पाय नाई उचलला."

"अवं, झाडं हायेत ते. पंगत हाये का?"

"तुमाले वाढाचं मालूम हाये, भाऊ. बसाचं नाई."

तीस वर्षं गावच्या पंगतीत बुंदी मनोहररावांच्याच हातून वाढली जाई. एक दाणा इकडचा तिकडे होत नसे. धुरपताच्या वस्तीची पंगत शेवटी बसे, तोवर बुंदी संपलेली असे. तेवढं मोजायचं मात्र राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सदाशिवरावांनी दोन्ही घड हातानं तोलले.

"मनोहरराव, जेवला तोही एकवीस, उपाशी तोही एकवीस. मंग जेवाचं कायले?"

आठही जण हसले. धुरपता बादली धरून उभी होती. तिचं नाव घेतलं असतं तर मनोहरराव सुटले असते.

"मापात माही चूक झाली," ते म्हणाले.

मंडळी गेल्यावर त्यांनी हलकेच विषय काढला. "पुढच्या खेपेले एक रांग उपाशी ठेवाच लागन, धुरपता. त्याबिगर कोणी मानत नाई."

"ठेवा. तिथलं काम मले नका सांगू."

पुढच्या खेपेला पिशव्या मनोहररावांनी स्वतः बांधल्या. गुडघा दुखत होता. पहिली रांग संपली. विहिरीकडे परतायची सरळ वाट दुसऱ्या रांगेपुढून जात होती. ते क्षणभर थांबले, बादली दुसऱ्या हातात घेतली आणि शेताच्या कडेनं, धुऱ्यावरच्या लांबच्या वाटेनं लंगडत निघाले.