नवव्याची जागा

हॅल्वर्सन कॉलेज मार्च महिन्यात बंद पडलं. एका शुक्रवारी सकाळी मुलांना चॅपेलमध्ये बोलावलं, विश्वस्तांनी कागदावरून चार ओळी वाचल्या, आणि रविवारपर्यंत वसतिगृहं रिकामी झाली. बेसबॉलचा हंगाम तेव्हा नुकता सुरू झाला होता. आठ छोट्या कॉलेजांची मिळून एक कॉन्फरन्स होती, आपसात सामने खेळणारा गट. आठातलं एक गेलं, पण वेळापत्रक तर छापून झालं होतं.

कॉन्फरन्सचा नियम जुना आणि हट्टी होता. यजमान संघ आला नाही तर पाहुण्यांना नऊ-शून्य असा विजय मिळायचा, पण तो घरबसल्या नाही. पाहुण्यांनी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी त्या मैदानावर गणवेशात हजर राहायचं. त्यांच्या पहिल्या बॅटरने प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजीच्या जागी, उभं राहायचं. अंपायरने 'प्ले' म्हणायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात यजमानांचे नऊ जण आपापल्या जागी उभे राहिले तर सामना, नाही तर विजय.

इतर संघांचे तिथले सामने एप्रिलच्या बर्फात गेले. राहिला एकच, एप्रिलअखेरचा, लिंडग्रेन कॉलेजचा. आणि लिंडग्रेनला तो विजय हवाच होता. हंगामाअखेरच्या स्पर्धेत पहिले चार संघ जातात, आणि ते पाचव्या जागेवर अडकले होते.

नव्वद मैल गाडी हाकून पंधरा मिनिटं उभं राहायला कुठलाच अंपायर तयार होईना. शेवटी कॉन्फरन्सच्या आयुक्त व्हर्ना स्टोल्पने एल्डन टॉफ्टेला फोन केला. एल्डन बहात्तर वर्षांचा. एकतीस वर्षं तो अंपायरचं काम करत होता, आणि त्याच्या निकालावर लोकांनी आरडाओरडा केला असला तरी त्याच्या शब्दावर कोणी संशय घेतला नव्हता. तरुणपणी तो याच हॅल्वर्सनकडून खेळला होता. कॅचर होता, बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा. त्र्याहत्तर साली त्यांनी कॉन्फरन्स जिंकली, त्या नऊ जणांतला तो एक. त्यातले बाकीचे आठ आता मातीखाली होते. सगळ्यांत शेवटी गेला तो आर्लो क्वाम, त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. फेब्रुवारीत त्याची शवपेटी उचलायला खांदा देणाऱ्यांत एल्डन होता.

तो मैदानावर पोचला तेव्हा लिंडग्रेनची बस आलेली होती. त्यांचा कोच ड्युएन प्रिबिल कुंपणाला रेलून सूर्यफुलाच्या बिया चघळत होता.

"या मालक! तुमच्याच घरी तुम्हीच पाहुणे!"

"घर होतं तेव्हा इथे गरम पाणी नव्हतं," एल्डन म्हणाला. "तुझी पोरं तयार आहेत का?"

"पोरं तयारच आहेत. तू घड्याळ जरा लवकर चालव म्हणजे झालं. मला परतताना चहाच्या वेळेला भुकेने पाय आपटणाऱ्या बावीस पोरांना खायला घालायचंय."

एल्डन हसला आणि मैदानाकडे वळला. मग त्याचं हसू गेलं. गवत कापलेलं होतं. माती दाताळ्याने विंचरलेली होती, आणि दोन्ही बाजूंच्या चुन्याच्या रेघा ओल्या असल्यासारख्या पांढऱ्या होत्या.

"हे कोणी केलं?"

"मला वाटलं तूच कोणाला तरी सांगितलंस," कोच म्हणाला. "असेल एखादा माळी. सवय सुटत नाही माणसाची."

एक वाजला. लिंडग्रेनचा पहिला बॅटर टेट ब्रेके प्लेटपाशी आला. शेवटच्या वर्षाचा मुलगा, रुंद खांद्यांचा. या हंगामानंतर तो बापाच्या शेतावर जाणार होता, म्हणजे खेळ संपलाच.

"सर, बॅट नुसती धरून उभं राहू की हलवू पण?"

"उभा राहा. फोटोला उभा असल्यासारखा हसू नकोस."

मुलं हसली. एल्डनने मास्क खाली ओढला, 'प्ले' म्हणाला आणि घड्याळ पाहिलं.

अंपायर प्लेटमागे उभा राहतो तेव्हा त्याच्यापुढे कॅचर उकिडवा बसलेला असतो. एकतीस वर्षांत एल्डनने त्या जागी कोणाचं तरी डोकं पाहिल्याशिवाय पिचरच्या उंचवट्याकडे पाहिलं नव्हतं. आज पुढे काहीच नव्हतं. वारा सणसणत होता, आणि रिकाम्या झेंड्याच्या खांबावर दोरी टण टण आपटत होती.

तिसऱ्या मिनिटाला दोरी थांबली.

वारा चालूच होता. टेटची बाही फडफडत होती. फक्त दोरी थांबली. मग पिचरच्या उंचवट्यावर माती उडाली. एकदा, दोनदा, तीनदा. बुटाच्या टोकाने उकरावी तशी. आर्लो चेंडू टाकायच्या आधी उजव्या पायाने तीनदा माती उकरायचा. त्यांच्या तेव्हाच्या कोचने रागावून ती सवय सोडवायचा प्रयत्न केला होता, पण ती गेली नव्हती.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून थप थप असा आवाज आला, हातमोज्यात मूठ मारल्याचा. तो व्हर्जिल, त्या नऊ जणांतलाच. पहिल्या बेसवर कोणीतरी खाकरलं. लांब, मधल्या मैदानात गवत पावलाएवढं दबलं आणि दबलेलंच राहिलं. एल्डन डोकं न हलवता मोजत गेला. पाच. सहा. उजव्या कोपऱ्यात गनरचा पाय नेहमीसारखा रेघेला लागून. सात. डावीकडे आठ.

"सर," टेट ओठ न हलवता म्हणाला, "तुम्हाला तंबाखूचा वास येतोय का?"

"पुढे बघ, बाळ."

"पुढेच बघतोय. म्हणून तर विचारतोय."

आठ जागा भरल्या होत्या. नववी त्याच्या पुढ्यात रिकामी होती, हात लावता येईल इतकी जवळ. तिथल्या मातीवर दोन टाचांचे खळगे होते. ते कधी पडले हे त्याला कळलं नाही. उंचवट्यावरची माती आता उडत नव्हती. आर्लो इशाऱ्याची वाट पाहत होता. कॅचरने दोन बोटं दाखवल्याशिवाय आर्लोने आयुष्यात चेंडू टाकला नव्हता.

बारावं मिनिट. एल्डनचे गुडघे दहा वर्षांपासून दुखत होते. जिना उतरताना तो कठडा धरायचा. ते गुडघे आता तेल घातल्यासारखे हलके झाले आणि आपोआप वाकू लागले. खाली बसणं इतकं सोपं वाटलं की त्याला घाम फुटला. बसलो की नऊ होतात. नऊ झाले की सामना सुरू. आणि सामना सुरू झाल्यावर कॅचरला उठून घरी जाता येत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"सर, बरं वाटत नाहीये का?" टेटने मान वळवली. पोराचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. तरी त्याने बॅट खाली घेतली नव्हती, कारण खाली घेतली तर विजय जातो.

त्या बॅटकडे पाहून एल्डनने मांड्यांवर हात दाबले आणि स्वतःला वर ओढलं. शेवटची दोन मिनिटं तो तसाच ताठ उभा राहिला, दात आवळून. एक वाजून पंधरा मिनिटं झाली.

"पाहुण्यांचा विजय!" तो ओरडला. "नऊ-शून्य!"

मुलांनी टोप्या उडवल्या. पिचरच्या उंचवट्यावर मातीचा एक मोठा लोट उठला, कोणी रागाने लाथ मारावी तसा, आणि टेटच्या बुटांवर येऊन पडला.

एल्डनने गाडीच्या टपावर कागद ठेवून अहवाल लिहिला. 'यजमान संघाचे हजर खेळाडू' या रकान्यापाशी त्याचा पेन थांबला. मग त्याने आकडा लिहिला. कोच प्रिबिल खांद्यावरून वाचत होता.

"आठ? हे आठ काय?"

"होते तेवढे."

"एल्डन, डोकं फिरलंय का तुझं? कुत्रंसुद्धा नव्हतं इथे! शून्य लिही. उद्या कोणी हा कागद धरून माझ्या पोरांचा विजय काढून घेईल!"

"आठ म्हणजे नऊ नव्हेत. विजय तुझाच आहे."

"अरे पण..."

"मी आजवर न पाहिलेलं लिहिलं नाही, आणि पाहिलेलं गाळलं नाही. बसमध्ये जा, ड्युएन. पोरांना भूक लागलीय."

संध्याकाळी व्हर्ना स्टोल्पचा फोन आला. अहवाल तिने पुन्हा एकदा वाचून घेतला. मग म्हणाली, "आठावर विजय कायम राहतो. तो मी नोंदवते." आणि थोड्या वेळाने, "एल्डन, कमी कोण होतं?"

"कॅचर."

"काही दिवस तिकडे फिरकू नकोस," ती म्हणाली.

मे महिन्यात स्पर्धा आली. आदल्या दिवशी दुपारी चर्चच्या सभागृहात कॉन्फरन्सचं बक्षिसांचं जेवण झालं. भाजलेली कोंबडी, कुस्करलेले बटाटे, पातळ कॉफी. टेट ब्रेकेचं नाव हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात आलं. तो लाजून लाल होऊन बक्षिसाची पाटी घेऊन गेला आणि परतताना एल्डनच्या खुर्चीवर हलकेच थाप मारून गेला. खिलाडूपणाचं बक्षीस सगळ्या कोचेसनी मतं देऊन हॅल्वर्सनला दिलं होतं. टाळ्या झाल्या, मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ते घ्यायला कोणीच नाही.

"एल्डन, तू ये," कोणीतरी ओरडलं. "तू त्यांचाच ना!"

"मी अंपायर आहे," एल्डन म्हणाला. त्याने हात टेबलाखाली घेतले. "मी त्या संघात नाही."

हे तो इतक्या जोरात बोलला की शेजारची बाई दचकली. पाटी बटाट्यांच्या भांड्याशेजारी तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी लिंडग्रेनच्या सामन्यात तो प्लेटमागे होता. हे मैदान हॅल्वर्सनपासून शंभर मैलांवर. तरी पाचव्या डावात त्याला ते ऐकू आलं. थप थप. मैदानात नऊ जिवंत मुलं उभी होती, आणि त्यांच्या मधल्या जागांमध्ये माती आपोआप दबत होती. गुडघे हलके झाले. पुढच्या क्षणी समोरचा कॅचर मागे वळून म्हणाला, "सर, एका प्लेटमागे दोन कॅचर कशाला?"

एल्डन त्याच्या मागे उकिडवा बसलेला होता. बसल्याचं त्याला आठवत नव्हतं. प्रेक्षक हसले. तो उठायला गेला, आणि गुडघे उठेनात.

पुढच्याच चेंडूवर बॅट धरून उभ्या असलेल्या टेटच्या मनगटाला मार लागला. तो कळवळून खाली वाकला, आणि एल्डनच्या तोंडून सवयीने शब्द निघाला. दोन्ही हात वर गेले. "टाइम!"

टाइम म्हटलं की सामना असेल तिथे थांबतो. अंपायरने पुन्हा 'प्ले' म्हणेपर्यंत कोणीही पाऊल पुढे टाकायचं नाही. मैदानावरची मुलं सैल झाली. आणि थप थप थांबलं. गुडघ्यांत पूर्वीची कळ परत आली, आणि त्या कळीच्या आधाराने तो उभा राहिला. म्हणजे ते आठ जण अजून नियम मानत होते.

लिंडग्रेन तो सामना दोन धावांनी हरलं. टेट बांधलेल्या मनगटाने सगळ्यांशी हात मिळवत होता. एल्डनने उरलेली स्पर्धा दुसऱ्या अंपायरवर सोपवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न सांगता हॅल्वर्सनची वाट धरली.

एप्रिलनंतर तीनदा जोराचा पाऊस झाला होता. रेघा तशाच पांढऱ्या होत्या. एक वाजता तो प्लेटपाशी गेला. निळा सदरा, मास्क, सगळं चढवून. दोरी थांबायला फार वेळ लागला नाही. माती तीनदा उडाली. गवत दबलं. गुडघे वाकायला लागले तेव्हा त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि छाती फुटेल इतक्या जोरात ओरडला, "टाइम!"

संपलेल्या सामन्यात टाइम मागता येत नाही. तसा नियमच नाही. अख्ख्या कारकिर्दीत त्याने नियमाबाहेरचा निकाल दिला नव्हता. तो हात वर धरून थांबला.

उंचवट्यावर एक पाय घासल्याचा आवाज आला. मग आठही जागांवरून माणसं सैलावल्याची कुजबुज. कोणीतरी थुंकलं. कोणीतरी हातमोजा काखेत धरला असावा, कातडं करकरलं.

"मी सांगेपर्यंत," एल्डन म्हणाला. "घाई करायची नाही. कोणी हाक मारायची नाही. मी सांगेपर्यंत."

तो तिसऱ्या बेसच्या रेघेच्या कडेने बाहेर निघाला. चुन्यावर पाय पडू न देता, हात वर धरूनच. पाठीमागे आठ नजरा होत्या, एकही हलत नव्हती. खांदे भरून आले, पण त्याने हात खाली घेतले नाहीत. गाडीपाशी पोचल्यावर दार उघडायला एक तरी हात लागणार होता. त्याने थोडा विचार केला, आणि फक्त डावा खाली घेतला; उजवा वरच राहिला.