नवी माशी, जुनं पिस्तूल

"तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही," असं डॉक्टरने सांगितलं तेव्हा द्राहुश झापलेतालोव्हाला आनंद व्हायला हवा होता. तिचं डोकंच फिरलं. डोळे ठीक, तर मग तीन महिने ती कशाचं सुतक पाळत होती?

झालं होतं ते असं. पिस्तुलाच्या टोकावरची माशी, जिच्यावर नजर ठेवून नेम धरायचा ती, बारीक होती आणि त्रेसष्टाव्या वर्षी द्राहुशला धूसर दिसायची. म्हणून तिने रुंद, लाल ठिपक्याची नवी माशी आणली. नवरा होता तोवर पिस्तुलाचं सगळं घरीच व्हायचं. आता बसवून कोण देणार? रविवारी नेमबाजी क्लबात, भरल्या टेबलावर तिने विचारलं, आणि सगळे एका तोंडाने म्हणाले, "त्राव्निचेक! दुसरा आहेच कोण?"

त्राव्निचेक म्हणजे क्लबचे अध्यक्ष हनाक यांचा जावई. चकचकीत दुकान, भिंतभर प्रमाणपत्रं. शरदातल्या सामन्याच्या सोडतीला बक्षीस म्हणून डुकराची धुरावलेली अख्खी तंगडी दरवर्षी त्याच्याकडूनच यायची. त्याने अर्ध्या तासात माशी बसवली. महिन्याभरात द्राहुशच्या गोळ्या डावीकडे सरकायला लागल्या. ती परत गेली तर या शहाण्याने पेटीचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

"पिस्तूल ठणठणीत आहे, बाई. या वयात डोळे दगा देतातच. माझ्या आजीलाही पटत नव्हतं."

तिने ते पटवून घेतलं, हा तिचा मूर्खपणा. जिल्ह्याच्या संघातली एकोणीस वर्षांची जागा तिने स्वतःच्या हाताने सोडली. ज्याला वीस पावलांवरचं लक्ष्य दिसत नाही त्याने पोरांना घेऊन रस्त्यावर जाऊ नये, म्हणून ती चालवायची त्या शाळेच्या बसच्या किल्ल्याही देऊन टाकल्या. मैत्रीण ब्लाझेना हिच्या स्वयंपाकघरात बसून ती ढसाढसा रडली, तेव्हा ब्लाझेनाने तिचा हात धरला होता. "मनाला लावून घेऊ नकोस गं. कधीतरी थांबावंच लागतं."

डॉक्टरकडच्या रांगेत एक शिकारी बसला होता. सगळं ऐकून तो हसलाच. "त्राव्निचेक? त्याला मी दाराची कडीसुद्धा बसवायला देणार नाही. व्रानाकडे जा."

ओताकार व्रानाच्या घराला पाटी नव्हती. अलुबुखाराच्या झाडांमागे एक खोली, तेलाचा वास आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तुसडा म्हातारा. पिस्तूल रिकामं आहे ना, हे त्याने दोनदा पाहिलं. मग नुसत्या अंगठ्याने माशी दाबली. ती हलली.

"कुणाचं हे कर्तृत्व?" त्याने विचारलं.

"का? काय झालं?"

"नवी माशी पिस्तुलाच्या खोबणीत बसत नसेल तर माशी घासायची. चारशे क्राउनची वस्तू, बिघडली तर दुसरी आणावी. या गाढवाने पिस्तूलच घासलंय. खोबण सैल झाली, तर आत गोंद भरला. गोळ्या झाडून लोखंड तापलं की गोंद सुटतो. माशी सरकते उजवीकडे, गोळी जाते डावीकडे."

"मग माझे डोळे…"

"डोळ्यांचं मला काय विचारता? मी काय डॉक्टर आहे?"

द्राहुशला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप. त्या माणसाला ठाऊक होतं. गोंद त्याने स्वतः भरला होता, आणि तरी तिला आजीची गोष्ट ऐकवली होती.

"जाड बुडाची माशी हाताने घडवून देतो," व्राना म्हणाला. "घासलेलं पोलाद मात्र परत येत नाही." त्याने पिस्तूल ठेवायला कपाट उघडलं. आत प्रत्येक पिस्तुलाला नावाची चिठ्ठी होती. ब्लाझेनाचं होतं. क्लबच्या खजिनदाराचं होतं. खुद्द अध्यक्ष हनाक यांचंही होतं.

"हे सगळे इथे?"

"बारा वर्षं येतायत. तुमच्या क्लबातल्या तुम्हीच तेवढ्या आला नव्हतात."

रविवारी तिने ब्लाझेनाला क्लबच्या अंगणात गाठलं. "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे गं. पण कुणी विचारलं की नाव त्राव्निचेकचंच घ्यायचं, अशी रीतच आहे. आणि तू विचारलंस ते हनाकसमोर!"

"आणि तुझ्या घरी रडले तेव्हा? तिथे काय हनाक ओट्याखाली लपला होता?"

ब्लाझेनाने अंगातल्या संघाच्या नव्या जाकिटाची चेन वर ओढली. "एकोणीस वर्षं मी राखीव होते, द्राहुश. वाटलं, एक वर्ष तरी खेळावं."

द्राहुश आत गेली आणि व्रानाने घडवलेल्या नव्या माशीने तिने दहा गोळ्या झाडल्या. दहाही काळ्या वर्तुळात गेल्या, एकही डावीकडे नाही. हनाक लगबगीने आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "संघाची यादी उद्या जाते. तुमचं नाव घालतो. जावयाचं तेवढं पोटात ठेवा. घरचीच गोष्ट आहे."

तिला ती जागा हवी होती. खोटं कशाला बोला, हात जोडून मागावी इतकी हवी होती.

ती टेबलाशी येऊन बसली. क्लबात नव्यानेच आलेली औषधांच्या दुकानातली बाई आपलं पिस्तूल पुसत होती. "मला माशी बदलायची आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "कुणाकडे जाऊ?"

खजिनदाराने तोंड उघडलंच होतं. हनाक द्राहुशकडे बघत होते.

"ओताकार व्रानाकडे," द्राहुश म्हणाली. पलीकडच्या टेबलावरही ऐकू जाईल एवढा आवाज तिने मुद्दाम लावला. "त्राव्निचेकने माझं पिस्तूल कानशीने खाल्लं आणि वर मला आंधळी ठरवलं. व्रानाचा पत्ता यांच्यापैकी कुणालाही विचारा, सगळ्यांना पाठ आहे. आधी अध्यक्षांना विचारा."

हनाकांनी खिशातून यादी काढली, टेबलावर उलगडली आणि ब्लाझेनाचं नाव लिहायला तिच्याकडेच पेन मागितलं.