बावीस दात्यांची चाल

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे. कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत एका क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात मी उभी असते. माझ्याकडे आता कोणी फारसं पाहत नाही. पण एके काळी माझ्यावरून या वसाहतीत हसू उसळलं होतं, आणि पुढे माझ्यामुळेच दोन माणसं पुन्हा बोलू लागली. ती हकिगत तुम्हाला सांगते.

माझा सांगाडा लुधियानात घडला आणि सीताबर्डीच्या एका दुकानात माझी जोडणी झाली. तिथून चंपतरावांनी मला घरी आणलं. ते बॉयलर विभागात फिटर होते. त्या काळी वीजकेंद्र नवं होतं आणि कामावर येणाऱ्या सायकलींची रांगच्या रांग लागे. त्या रांगेत मला मागे टाकणारं कोणी नव्हतं. इंदूबाई, म्हणजे चंपतरावांच्या पत्नी, दर रविवारी मला रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढत. मी लख्ख दिसे आणि मला ते आवडे.

चंपतरावांना लांबच्या प्रवासाचं वेड होतं. त्यांच्याच खात्यात देवाजी होते, वयानं मोठे, नरखेडकडच्या एका गावचे. दोघांनी मिळून ठरवलं, सायकलनं पचमढीला जायचं. सतरंज्या, ताडपत्री, स्टोव्ह, पातेली, शिधा, सगळं कॅरिअरवर बांधून एका हिवाळ्यात आम्ही निघालो. सावनेर, सौंसर मागे पडलं तोवर मजाच मजा होती. मग सिल्लेवानीचा घाट लागला.

माझ्या मागच्या चाकावर जे दातेरी चक्र असतं, ज्याला सगळे फ्रीव्हील म्हणतात, त्याला तेव्हा अठरा दाते होते. दाते कमी असले की पायडलच्या एका फेरीत सायकल पुष्कळ पुढे जाते, पण पायाला जोरही तेवढाच लागतो. रिकाम्या सायकलीवर तो जोर जाणवत नाही. मणभर ओझं घेऊन घाट चढताना मात्र प्रत्येक पायडल दगडासारखं झालं. चंपतराव उभे राहून जोर देत होते. अर्ध्या घाटात त्यांचा गुडघा कळवळून उठला आणि ते रस्त्यातच बसले.

परासियाहून कोराडीला कोळसा घेऊन येणाऱ्या ट्रकवर आम्हाला चढवलं गेलं. देवाजी धडधाकट होते, ते पुढे जाऊ शकले असते. पण तेही त्याच ट्रकमध्ये बसले.

देवाजींनी पुढे कधी एका शब्दानं टोचलं नाही. तरी चंपतरावांना त्यांच्यासमोर जायची लाज वाटू लागली. ते डबा एकटेच खायचे, घरी जायला वेगळा रस्ता धरायचे. मैत्री अशीच विरत चालली. मलाही ते कामापुरतं बाहेर काढत.

एकदा इंदूबाई लकडगंजच्या बाजारातून धान्य घेऊन आल्या. वाटेत पाहिलेली एक गोष्ट त्यांच्या मनात राहून गेली होती. पोत्यासकट दोन बायका बसलेली सायकलरिक्षा पुलाच्या चढावर रिक्षावाल्यानं खाली न उतरता नेली होती. जेवायला वाढताना त्या चंपतरावांना म्हणाल्या, "तो गडी तुमच्याहून तगडा नवता. मंग त्याची रिक्षा चढली कशी?"

चंपतराव जेवायचे थांबले. दुसऱ्याच दिवशी ते लकडगंजात जाऊन रिक्षांची मागची चक्रं बघत उभे राहिले. त्या चक्रांना दाते जास्त होते.

मग सुरू झाली परीक्षा. वीजकेंद्राची राख साठवायच्या तलावाच्या बांधावर छोटा पण उभा चढ आहे. तिथे कॅरिअरवर रेतीची पोती बांधून त्यांनी आधी वीस दात्यांचं फ्रीव्हील लावून पाहिलं. चढ संपता संपता गुडघा बोललाच. चोवीस दात्यांचं लावलं तर सपाटीवर पाय गरगर फिरत आणि मी रांगत असे. अखेर बावीस दाते पसंत पडले. चेन तोकडी पडली, तिला कड्या जोडल्या. त्या संध्याकाळी चंपतराव सीटवरून न उठता बांध चढून गेले आणि वर पोचल्यावर माझ्या हँडलवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

पण सपाट रस्त्यावर माझा वेग गेला तो गेलाच. कालची पोरं मला मागे टाकू लागली. "चंपतरावची रिक्षा आली," म्हणून फाटकाशी लोक हसत. मला फार वाईट वाटे.

त्या वर्षी देवाजी स्वतःच घरी आले. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन गावी संत्र्याच्या बागेत जाणार होते. ते म्हणाले, "या हिवाळ्यात नाही गेलो तं राहूनच जाईन गा." चंपतरावांनी होकार दिला, आणि तुमच्याही सायकलीला मोठं फ्रीव्हील बसवून देतो म्हणाले. देवाजींनी हसून ते टाळलं. या वयात रिक्षा चालवायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुन्हा तोच घाट आला. देवाजी उभ्यानं जोर देत पुढे निघाले आणि वळणाआड दिसेनासे झाले. आम्ही मागून एका संथ चालीनं चढत राहिलो. ट्रक आम्हाला ओलांडून जात होते. चंपतरावांना दम मात्र लागत नव्हता.

बरंच वर गेल्यावर देवाजी दिसले. सायकल आडवी पडली होती, ते पोटरी धरून दगडावर बसले होते आणि चेहरा पांढरा पडला होता.

"तू जा समोर," ते म्हणाले. "मी ट्रकनं वापस जातो."

चंपतरावांनी मला त्यांच्याजवळ नेऊन उभं केलं. "मागच्या खेपेले तुमी माह्यासाठी वापस आले. आता माह्या सायकलीवर बसा. तुमची मी ढकलत आणतो."

देवाजींची पोटरी चोळून सैल केल्यावर ते माझ्यावर बसले. पायडल खाली दाबलं, आणि ते किती हलकं आहे हे कळल्यावर ते थबकलेच. मग मी चंपतरावांच्या पायी चालीनं चालू लागले. एवढ्या हळू चालूनही तोल राहतो, हे मलाही तेव्हाच समजलं. दोघं शेजारी होते, म्हणून बोलणं सुरू झालं. आपण इतके दिवस का टाळत होतो, ते चंपतरावांनी सांगून टाकलं. माझ्यामुळे तुमची पचमढी हुकली, असं ते म्हणाले.

देवाजींनी वळणावर हँडल सावरलं. मग म्हणाले, "पुढं मी एकटा जाऊन पाहून आलो असतो, तं सांगितलं कोनाले असतं गा? तूच तं माह्याशी बोलत नवता."

घाटमाथ्यावर दोघांनी एकाच पातेल्यात चहा केला. छिंदवाड्यात देवाजींच्या सायकलीलाही बावीस दात्यांचं फ्रीव्हील बसलं. तामियाचे चढ चढून आम्ही पचमढीला पोचलो, ठरल्यापेक्षा उशिरा, पण दोघंही सायकलीवर बसून.

त्यानंतर पुष्कळ वर्षं झाली. देवाजी बागेत रमले. चंपतरावांच्या दारात मोपेड आली आणि मी व्हरांड्यात गेले. माझे टायर चिरलेत, चेन गंजली आहे. तक्रार नाही, पण तेलाची आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी सायकल अशी भिंतीला टेकून असेल, तर तिच्या चेनला तेल द्या आणि चाकांत हवा भरा. ओझं वाढलं तर वेगाचा हट्ट सोडा, पायाला झेपेल ती चाल निवडा. आणि चढावर कोणी हळू चाललेला दिसला, तर हसण्याआधी त्याच्या कॅरिअरवर काय बांधलं आहे तेवढं बघा.