साफ पाण्यातला जिताडा

मेला.

हा शब्द मृणालीच्या डोक्यात शिरेना. टबातलं पाणी काचेसारखं नितळ, आणि त्यात जिताडा मासा पोट वर करून.

मागे जाऊ. थोडंच.

२००८चा मे. अंजूर गावातल्या त्यांच्या तळ्यात कापड रंगवणाऱ्या डाइंगचं लाल पाणी शिरलं. मासे तरंगले. वाचला हा एकच, दौलतने लेकरासारखा वाढवलेला. मृणाली, त्याची मुलगी, एम.एस्सी.ला. कॉलेजात ती पेरूच्या पानांचा काढा चांदीच्या क्षारात ओतायची. त्यातून डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण तयार व्हायचे. ते कण रंगाच्या पाण्यात टाकायचे, वर एक पावडर, की रंग गायब. घरी तिने टबभर लाल पाण्यावर तेच केलं.

"बघा बाबा, झालं साफ!" म्हणाली आणि जेवायला गेली.

इतकंच. अजून तपासायचंय, हे म्हणायचं राहिलं.

दौलतने तळ्यातला जिताडा उचलून टबात सोडला.

आता.

"पानी साफ हाय, तूच बोललीस ना गो?" दौलत टबाकडेच बघत होता.

"शिकलेल्यांचं पानी," आई, पार्वती, दारातून म्हणाली. "लाल पान्यात तरी जित्ता होता."

मृणालीला उमगलं. रंग तुटला होता. त्याचे तुकडे पाण्यातच होते. पावडरही. दिसत काहीच नव्हतं.

तेवढ्यात फटफटी. डाइंगवाला केसरीनाथ, गावातलाच. रंग गेल्याचं त्याच्या कानावर गेलंच होतं. तो टबावर वाकला.

"आयला, रंग खरंच गेला! मृणाली, मला हे तुझं औषध कॅन भरभरून पाहिजे."

"काका, यात मासा मेलाय."

"मग? पाणी लाल दिसतं म्हणून गाव बोंबलतं. दिसलंच नाही तर कोण बोंबलेल?"

मृणालीने टबाकडे पाहिलं. वर्षभर ती हेच बनवत होती?

दौलतने जिताडा दोन्ही हातांवर घेतला. गावासाठी मोठं काम करणाऱ्याच्या घरी जिताडा पाठवायची त्यांच्यात रीत.

"घे केसरीनाथ. कालवण कर. पोरांना खायला घाल."

"नको रे दौलत..."

"घे ना! साफ पान्यातला हाय."

केसरीनाथचे हात पाठीमागे गेले.

मृणालीने टबावर पत्रा ओढला. "कॅन मिळणार नाही, काका."