वापरतं कोण?

मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि आमची ही डोंगर बघायची. डोंगर म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. दोन जिने चढायचे तरी हिची कुरकुर असायची. उपग्रह जमिनीची जी मोजणी करतात ती कोणालाही फुकट मिळते, पण अगदी कच्ची, बघून डोकं धरावं अशी. हिनं त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात ती मोजणी घातली, की कुठला उतार बोटभर सरकलाय ते दिसायचं. हिच्या वेबसाइटवर तो रात्रंदिवस चालू असायचा, सगळ्यांना खुला. कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा.

"फुकटची विहीर खणलीस, पण पाण्याला येतंय कोण?" मी चिडवायचो.

"तू लिफ्टमध्ये चढणाऱ्यांची नावं विचारतोस का?" ही म्हणायची. बोलण्यात हिला हरवणं मला बापजन्मात जमलं नाही.

मग हिची फुप्फुसं बिघडली. डॉक्टर नजर चुकवून बोलायला लागले, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. नेमकं त्याच वर्षी सरकारनं अवकाश आणि पृथ्वीविज्ञानाच्या खुल्या प्रोग्रॅमांसाठी अनुदान जाहीर केलं. हिनं अर्ज केला. स्वतःसाठी नाही, तर एखाद्या माणसाला पगारावर ठेवून सगळं काम शिकवता यावं म्हणून. "माझ्यामागे हे अनाथ नको व्हायला," ही म्हणाली. आम्हाला मूलबाळ नाही. तो शब्द मला फार लागला.

मुलाखतीला ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन मी हिच्या मागे बसलो होतो. समितीच्या अध्यक्षबाई सज्जन होत्या. त्यांनी हिला पाणी दिलं आणि मग विचारलं, "वापरतं कोण हे?"

"माहीत नाही."

"अंदाजे तरी?"

"वापरणाऱ्यांची नोंद ठेवलेलीच नाही, मुद्दाम. आपल्या घराखालची जमीन सरकतेय का, हे माणूस गुपचूप बघतो. बाहेर कळलं तर घराला गिऱ्हाईक मिळत नाही. मी त्याचा माग कशाला ठेवू?"

"पटतं मला," बाई म्हणाल्या. "पण वापरणारे दिसल्याशिवाय सरकारी पैसा देऊ कसा?" त्यांनी पुरावा आणायला महिनाभराची मुदत दिली.

हिचा एक जुना सहकारी आहे, जाड चष्म्याचा. आम्ही त्याला भिंग म्हणतो. तो घरी आला आणि खुर्ची ओढून म्हणाला, "सोपं आहे. एक दिवस प्रोग्रॅम बंद ठेव. चालू असताना कोणी आभार मानत नाही, पण बंद पडला की सगळे बोंब मारत येतील. ती बोंबच पुरावा म्हणून दे."

मला तर पटलं. लिफ्ट बंद पडल्याशिवाय मलाही कोणी ओळखत नाही.

ही बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "आणि नेमका त्याच दिवशी डोंगर सुटला तर?"

"अगं, एका दिवसानं काय होतंय?"

"ते मला माहीत नाही. म्हणूनच नको."

आम्ही दोघांनी हात टेकले. मुदत संपली आणि नकार आला. त्या संध्याकाळी मी हिचे पाय चेपत होतो तेव्हा हिनं विचारलं, "खरंच कोणी वापरत नसेल का रे?"

"असतील की," मी म्हटलं. आजाऱ्याशी बोलतात तसं बोललो, आणि ते हिला कळलं. "असू दे," म्हणाली आणि भिंतीकडे वळली. पुढच्या महिन्यात ही गेली. आपलं काम वाया गेलं असं मानून गेली, हे मला अजून सोसत नाही.

दोनेक महिन्यांनी उपग्रहवाल्यांनी मोजणी पाठवायची पद्धत बदलली आणि प्रोग्रॅम बंद पडला. हिची मेल माझ्या फोनवर यायची, ती बंद करायला माझा हात धजला नव्हता. मी एका लिफ्टच्या टपावर तेल देत उभा होतो, तर फोन थरथरायला लागला तो थांबेचना. धरणाचं कार्यालय. घाटरस्त्याचे इंजिनिअर. कुठलेकुठले लोक, काही तर चक्क शिव्या घालणारे. डोंगराच्या पायथ्याच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनं नंबर देऊन लिहिलं होतं, "आज काहीच दिसत नाही. मुलांना बोलवू की नको?"

मी भिंगाला फोन केला. त्यानं रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा सुरू केलं. त्या मेल त्यानंच अध्यक्षबाईंना दाखवल्या. बाईंनी मला फोन केला. पुन्हा अर्ज करा, म्हणाल्या, यावेळी अडचण येणार नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी त्या मुख्याध्यापिकेला फोन लावला. "प्रोग्रॅमवाल्या बाईंचा नवरा बोलतोय," म्हटलं. "भरली का शाळा?"

"भरली हो. रोज हे बघूनच घंटा देते मी. मागे एकदा उतार लाल दिसला म्हणून सुट्टी दिली, तर दुपारी दोन वर्ग ढिगाऱ्याखाली गेले. रिकामे होते."

माझं डोकंच फिरलं. "मग तेव्हा एका ओळीनं तरी कळवायचं होतं."

त्या ओशाळल्या. "आम्हाला वाटलं, त्यांना ठाऊक असेल." मग घाईघाईनं म्हणाल्या, "आता तुम्हीच सांगा ना त्यांना. म्हणावं, पोरं सगळी सुखरूप आहेत."

"सांगतो," मी म्हटलं.